कोणता शेअर घेऊ, असं विचारण्याआधी

तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाइलमध्ये आता डीमॅटचं ॲप असेल. खातं उघडून झालं, पॉकेटमनीतले किंवा इंटर्नशिपचे दोन-चार हजार त्यात टाकून झाले, की पहिला प्रश्न ठरलेला. कोणता शेअर घेऊ? मग कँटीनमध्ये एखादा सीनियर दोन नावं सांगतो, मामाच्या ऑफिसातले कुणीतरी तिसरं सांगतात आणि रील्सवर तर नावांचा पाऊसच पडत असतो. हा का घ्यायचा आणि तो का नाही, हे मात्र ना सांगणाऱ्याला धड सांगता येतं, ना आपण विचारतो.

शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्येही लोक हाच प्रश्न विचारत होते आणि उत्तरंही अशीच मिळत होती. त्या गर्दीत एका माणसाने प्रश्नच बदलून टाकला. त्याचं नाव बेंजामिन ग्रॅहम. वॉरन बफे ज्याला गुरू मानतात, तोच हा. पण गुरू म्हटल्यावर कधीच न चुकणारा माणूस तुमच्या डोळ्यांसमोर येत असेल, तर जरा थांबा. हा गुरू चांगलाच आपटला होता. त्याने पुढे जे शिकवलं, त्यातलं बरंचसं त्या आपटण्यातून आलं. म्हणून ही गोष्ट.

आईचं खातं

बेनचा जन्म ९ मे १८९४ चा, लंडनमधला. तेव्हाचं आडनाव ग्रॉसबाउम. तो वर्षाचा असताना कुटुंब न्यूयॉर्कला आलं. वडिलांचा चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापार होता, घर सुखवस्तू होतं. पण १९०३ मध्ये वडील वारले. बेन तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. धंदा बसला. आईने घरात पैसे देणारे पाहुणे ठेवून त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करून पाहिली, तेही चाललं नाही. मग तिने शेअर बाजारात नशीब आजमावलं. तेसुद्धा उधारीवर. म्हणजे थोडे पैसे आपले आणि बाकीचे दलालाचे.

तिने घेतलेले शेअर होते यूएस स्टीलचे. ही काही गल्लीतली कंपनी नव्हती, अमेरिकेतली पोलादाची सगळ्यात मोठी कंपनी होती. १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात घबराट पसरली, भाव धडाधड पडले आणि तिचं खातं साफ झालं. गंमत बघा, यूएस स्टील बुडाली नव्हती. कंपनी टिकली, बेनची आई टिकली नाही. कारण उधारीवर शेअर घेतलेल्याला भाव परत वर येईपर्यंत थांबायची मुभाच नसते. तेरा वर्षांचा पोरगा हे सगळं घरात बसून बघत होता.

पोरगा हुशार होता. कोलंबिया विद्यापीठात तो नोकऱ्या करत करत शिकला आणि १९१४ मध्ये, विसाव्या वर्षी, अख्ख्या वर्गात दुसरा येऊन पदवीधर झाला. ग्रीक-लॅटिन काव्याची त्याला मनापासून आवड होती. विद्यापीठाच्या इंग्रजी, तत्त्वज्ञान आणि गणित अशा तीन विभागांनी त्याला शिकवायला बोलावलं. विचार करा, विसाव्या वर्षी तीन ऑफर! पण घरात पैशांची चणचण होती. तो वॉल स्ट्रीटवरच्या एका दलाली पेढीत आठवड्याला १२ डॉलरवर लागला, तोही निरोप्या म्हणून. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात, जर्मन वाटणारं आडनाव नको म्हणून, कुटुंबाने ग्रॅहम हे आडनाव घेतलं.

कुणी न उघडलेली कागदपत्रं

त्या काळी गुंतवणूक म्हणजे बॉण्ड, आणि शेअर म्हणजे सट्टा, असा सरळ हिशेब होता. शेअर घ्यायचा तो आतल्या गोटातली बातमी ऐकून. कंपनीकडे मालमत्ता किती, कर्ज किती, नफा किती, हे वाचत बसणाऱ्याला लोक वेड्यात काढत. ग्रॅहम नेमकं तेच वाचत बसायचा.

१९२६ मध्ये त्याला समजलं, की तेल वाहून नेणाऱ्या पाइपलाइन कंपन्यांना आपले सविस्तर हिशेब वॉशिंग्टनच्या एका सरकारी कार्यालयात द्यावे लागतात. कुणीही जाऊन ते बघावेत. पण जातंय कोण? ग्रॅहम गाडीत बसला आणि गेला. तिथे नॉर्दर्न पाइपलाइन या कंपनीचे कागद त्याने उघडले आणि तो चाटच पडला. बाजारात शेअरचा भाव होता ६५ डॉलर. कंपनीकडे मात्र दर शेअरमागे सुमारे ९५ डॉलरची रोख आणि रोखे नुसते पडून होते. पाइपलाइनचा धंदा वर फुकट!

त्याने शांतपणे शेअर गोळा केले आणि संचालकांना जाऊन भेटला. हा जास्तीचा पैसा भागधारकांना वाटून टाका, म्हणाला. त्यांनी त्याला वाटेला लावलं. जानेवारी १९२७ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या ऑइल सिटी गावी, कंपनीच्या वार्षिक सभेला गेला. सभेत त्याला ठराव मांडायचा होता, पण अनुमोदन द्यायला एकही माणूस मिळाला नाही. कॉलेजच्या जीएस निवडणुकीत असं झालं असतं, तर आपण पुन्हा तोंड दाखवलं नसतं. ग्रॅहम वर्षभर इतर भागधारकांना गाठत राहिला. १९२८ च्या सभेत तो पुरेशी मतं घेऊनच आला आणि संचालक मंडळावर निवडून गेला. पुढे कंपनीने शेअरमागे ७० डॉलर वाटले.

इथे गुप्त बातमी कुठेच नव्हती. सगळं कागदावर होतं, फक्त ते कुणी वाचलं नव्हतं.

फ्लोरिडातले आजोबा

याच सुमाराला तो कोलंबियात शिकवायला लागला आणि पैसाही जोरात यायला लागला. १९२९ च्या सुरुवातीला त्याच्या हातातला फंड २५ लाख डॉलरचा होता. वय पस्तिशीच्या आत. ऑक्टोबर १९२९ मध्ये बाजार कोसळला. त्या वर्षी फंडाला २० टक्के तोटा झाला. इतरांच्या मानाने हे बरंच म्हणायचं.

१९३० च्या सुरुवातीला तो फ्लोरिडात गेला होता. तिथे त्याला ९३ वर्षांचे एक निवृत्त व्यावसायिक भेटले. त्यांनी विचारपूस केली आणि सल्ला दिला, की पुढच्याच गाडीने न्यूयॉर्कला जा, शेअर विक, कर्ज फेड, लोकांचे पैसे परत कर. ग्रॅहमने नम्रपणे ऐकून घेतलं आणि मनात म्हणाला, म्हाताऱ्याला आजचा बाजार काय कळणार! वाईट दिवस संपले, अशी त्याची खात्री होती. त्याने आणखी शेअर घेतले, तेही कर्ज काढून.

हो, कर्ज काढून. ज्या उधारीने आईचं खातं साफ झालं, तीच उधारी तिच्या हुशार मुलाने केली.

१९३० या एका वर्षात फंड निम्म्यावर आला. १९३२ संपेपर्यंत, चार वर्षांत मिळून, जवळपास ७० टक्के पैसे गेले होते. आलिशान घर सोडावं लागलं. बायको पुन्हा नृत्य शिकवायला लागली. तो व्याख्यानं, लेख, कोर्टातल्या साक्षी अशी मिळतील ती कामं करत राहिला. भागीदार जेरोम न्यूमनच्या सासऱ्यांनी ५० हजार डॉलर घातले म्हणून फंड कसाबसा तगला. झालेला तोटा भरून निघाल्याशिवाय मोबदला घ्यायचा नाही, अशीच अट होती. त्यामुळे दोघांनी पाच वर्षं फंडातून एक पैसाही घेतला नाही. १९३५ अखेर त्यांनी तोटा भरून काढला.

म्हणजे बघा, ग्रॅहमला कंपन्या ओळखता येत नव्हत्या असं नाही. त्याने केलेले हिशेब बहुतेक बरोबरच होते. आपण चुकलो तर काय, याची तरतूद मात्र त्याने केली नव्हती.

दोघी शेजारी शेजारी

यानंतर त्याने जे लिहिलं, ते ही तरतूद शिकवणारं आहे. १९३४ मध्ये सहकारी डेव्हिड डॉडबरोबर ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ हे जाडजूड पुस्तक आलं. १९४९ मध्ये सामान्य माणसासाठी लिहिलेलं ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ आलं. नवा प्रश्न असा होता: या कंपनीची किंमत काय, भाव काय आणि दोघांत फरक किती?

हा फरक म्हणजेच त्याचं प्रसिद्ध मार्जिन ऑफ सेफ्टी. दहा टन पेलणाऱ्या पुलावरून आपण दहा टनांचा ट्रक नेत नाही, सहा-सात टनांचा नेतो, तसंच हे. शंभर रुपयांची वाटणारी वस्तू पासष्टला घेतली, तर आपला अंदाज थोडा चुकला तरी निभावतं. पंचाण्णवला घेतली, तर सगळं अचूक जमायला लागतं.

आणि एकटा शेअर बघून काही कळत नाही, दोन शेजारी ठेवून बघा, हीही त्याचीच सवय. १९७३ च्या आवृत्तीत त्याने चक्क आठ जोड्या घेतल्या. भावांच्या यादीत एकमेकींच्या आजूबाजूला येणाऱ्या या कंपन्या. पहिली जोडी जमीन-इमारतींच्या धंद्यातली. एक जुनी, संथ, हात राखून चालणारी. दुसरी कर्जावर झपाट्याने फुगलेली, बाजाराची लाडकी. पुढे त्या लाडकीचा भाव जमिनीवर आला. आकडे शेजारी ठेवले असते, तर तिचं कर्ज आधीच दिसलं असतं.

आपण एक सोपं, काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘अ’ कंपनीचा शेअर ५० रुपयांना, ‘ब’ चा २००० रुपयांना. स्वस्त कोणता? ५० चा म्हणालात ना? आता ‘अ’ वर्षाला शेअरमागे १ रुपया कमावते आणि ‘ब’ २०० रुपये. म्हणजे ‘अ’ च्या एक रुपया कमाईसाठी तुम्ही ५० रुपये मोजताय, ‘ब’ च्या एक रुपयासाठी १०. हाच तो पीई रेशो. २००० चा शेअर स्वस्त निघाला! पण इथेच थांबू नका. ‘ब’ वर डोंगराएवढं कर्ज असेल, किंवा यंदाचा नफा जमीन विकून आलेला असेल, तर हा स्वस्तपणा फसवा आहे. म्हणून ग्रॅहम एका वर्षाच्या नफ्यावर विसंबत नसे. सावध गुंतवणूकदाराने काय बघावं, याची त्याची यादी साधी होती. दहा वर्षांत एकदाही तोटा नको. वर्षभरात द्यायच्या देण्यांच्या दुप्पट चालू मालमत्ता हवी. लाभांश सलग दिलेला हवा. भाव तीन वर्षांच्या सरासरी कमाईच्या पंधरा पटीपेक्षा जास्त नको. आणि एकाच शेअरवर जीव न टाकता दहा ते तीस कंपन्यांत पैसे विभागायचे.

रोजच्या भावाचं काय? तो म्हणायचा, समजा धंद्यात तुमचा एक भागीदार आहे, मिस्टर मार्केट. रोज येतो आणि तुमचा हिस्सा विकत घ्यायचा किंवा आपला विकायचा भाव सांगतो. कधी हर्षवायू झाल्यासारखा, कधी सुतकात असल्यासारखा. त्याचं ऐकायलाच हवं असं नाही. भाव सोयीचा असेल तर व्यवहार करा, नसेल तर दार लावून घ्या.

गुरूनेच मोडलेला नियम

१९४८ मध्ये ग्रॅहम-न्यूमन कंपनीने गायको या विमा कंपनीचा निम्मा हिस्सा सुमारे सात लाख डॉलरना घेतला. एकाच ठिकाणी एवढा पैसा! त्याच्याच नियमात हे बसत नव्हतं. आणि या एका व्यवहारातून झालेला फायदा पुढे वीस वर्षांतल्या बाकी सगळ्या व्यवहारांच्या बेरजेपेक्षा जास्त निघाला. ग्रॅहमने हे झाकून ठेवलं नाही, पुस्तकात लिहून टाकलं. नशीब असतं, पण ते आपल्या दारी येईपर्यंत आपण बाजारात टिकलेले असावं लागतं.

कोलंबियातला त्याचा एक विद्यार्थी बिनपगारी काम करायलाही तयार होता. ग्रॅहमने आधी नाही म्हटलं आणि १९५४ मध्ये नोकरीवर घेतलं. तो वॉरन बफे. दोनच वर्षांनी ग्रॅहमने फंड बंद केला आणि कॅलिफोर्नियात शिकवायला गेला. त्याला आणखी श्रीमंत व्हायचं नव्हतं. म्हातारपणी त्याने मारियो बेनेदेत्ती या उरुग्वेच्या लेखकाची कादंबरी स्पॅनिशमधून इंग्रजीत आणली. २१ सप्टेंबर १९७६ रोजी फ्रान्समध्ये तो वारला, वयाच्या ८२ व्या वर्षी. त्या अखेरच्या वर्षीही त्याने आपलं मत बदललं होतं. आता इतके लोक आकडे तपासतात, की फार खोल विश्लेषण करून पूर्वीसारखं घबाड हाती लागणं कठीण, त्यापेक्षा दोन-चार सोपे निकष लावून बऱ्याच कंपन्या एकदम घ्या, असं तो सांगू लागला होता.

आता तुमच्याकडे येऊ. ग्रॅहमला वॉशिंग्टनला जावं लागलं. तुम्हाला कंपनीचा वार्षिक अहवाल मोबाइलवर फुकट मिळतो. पुढच्या वेळी कँटीनमध्ये कुणी नाव सुचवलं, की त्याच धंद्यातली दुसरी एक कंपनी शोधा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. दोन्हीकडे भाव, गेल्या दहा वर्षांची कमाई, कर्ज, पुस्तकी मूल्य आणि लाभांश लिहा. खाली एक ओळ मोकळी सोडा: मी चुकलो तर किती जाईल? ती ओळ भरता आली नाही, तर तो शेअर आज घेऊ नका. आणि ॲप उधारीवर शेअर घ्यायचं बटण दाखवेल, तेव्हा यूएस स्टील घेणारी ती आई आठवा.