एसीचा जनक विलिस कॅरियर एका ब्लोअर बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होता

मे महिना. देगलूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलात. बाहेर पारा चाळिशीच्या वर. एसीचं बटण दाबलं, दिवा लागला, पण समोरच्या जाळीतून वाराच येईना.

आपला पहिला संशय गॅसवर. पण ब्लोअर बंद असेल तर गॅस भरून काहीच उपयोग नाही. कॉइल थंड झाली तरी तो थंडावा तुमच्यापर्यंत आणायचं काम ब्लोअरचं. हीटरचंही तेच.

हा विषय नीट कळायचा असेल, तर एसीच्या जनकाची गोष्ट माहिती पाहिजे.

विलिस कॅरियर. जन्म २६ नोव्हेंबर १८७६, न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावचा. शेतकऱ्याचा एकुलता एक पोरगा. लहानपणी अपूर्णांक काही केल्या डोक्यात शिरेनात. मग आईनं सफरचंदं कापून फोडींवर गणित शिकवलं. तो अकरा वर्षांचा असताना आई गेली, गणित मात्र पक्कं झालं.

शिष्यवृत्ती आणि पडेल ती कामं करत तो १९०१ साली कॉर्नेल विद्यापीठातून इंजिनिअर झाला. नोकरी लागली बफेलो फोर्ज कंपनीत, पगार आठवड्याला १० डॉलर. ही कंपनी बनवायची पंखे, ब्लोअर आणि हीटर. लाकूड आणि कॉफी वाळवायला गरम हवा किती लागते, याचा हिशेब कॅरियर करायचा.

१९०२ मध्ये ब्रुकलिनचा एक छापखाना अडचणीत आला. दमट हवेनं कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. कॅरियरनं हीटरचीच कॉइल घेतली. तिच्यातून वाफेऐवजी गार पाणी सोडलं आणि पंख्यानं हवा तिच्यावरून फिरवली. हवेतला ओलावा कॉइलवर जमून गळून गेला. एसीचा जन्म झाला तो माणसांसाठी नाही, कागदासाठी!

२ जानेवारी १९०६ रोजी त्याला हवेवर प्रक्रिया करणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. १९११ मध्ये त्यानं तापमान आणि ओलाव्याचं नातं सांगणारी सूत्रं मांडली. त्यांवर पुढं अख्खा एसी उद्योग उभा राहिला. १९१५ मध्ये सात इंजिनिअर्सनी पैसे गोळा केले, ३२,६०० डॉलर जमले आणि कॅरियरची स्वतःची कंपनी सुरू झाली.

१९२५ साली न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये त्यानं एसी बसवला. पहिल्या खेळाला लोक हातपंखे घेऊनच आले. यंत्रणा उशिरा सुरू झाली, त्यामुळं कॅरियरच्या जिवाला घोर. हळूहळू हॉल गार झाला आणि एकेक करून हातपंखे खाली गेले.

गाडीतला एसी मात्र दुसऱ्यांनी आणला. १९४० च्या पॅकार्ड गाडीत तो आला, तेव्हा कॉइल आणि ब्लोअरनं अर्धी डिकी व्यापली होती. ७ ऑक्टोबर १९५० रोजी कॅरियर वारला. १९५४ मध्ये नॅश कंपनीनं हीटर आणि एसी डॅशबोर्डकडे एकत्र आणले. आज आपल्या गाडीतही एकच ब्लोअर दोन्ही कामं करतो.

म्हणून वारा बंद पडला तर आधी गाडी बंद करून फ्यूज बघा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. तार गुंडाळून चालवायचा जुगाड करू नका, वायरिंग पेटू शकतं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर गाडी मेकॅनिककडं न्या. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल तर बहुतेक वेळा रेझिस्टर गेलेला असतो. सगळ्या स्पीडवर वारा कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा, आपल्याकडच्या धुळीनं तो चोंदतो. फ्यूज ठीक आहे तरी ब्लोअर गप्प, असं असेल तर रिले, कनेक्टर आणि मोटर तपासून घ्या.

गॅसचे पैसे मोजायच्या आधी एवढं बघितलं, तरी कॅरियरचं गणित तुम्हाला कळलं म्हणायचं.