माणसे पारखणारे आणि घडविणारे शेठ वालचंद हिराचंद

कोणत्याही संस्थेचा सुवर्णमहोत्सव साजरा होतो तेव्हा वास्तू किती उभ्या राहिल्या, निधी किती जमला, उपक्रम किती झाले, याचा हिशेब मांडला जातो. तो मांडलाच पाहिजे. परंतु पन्नास वर्षांत आपण माणसे किती घडविली, हा हिशेब त्याहून कठीण असतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याच समाजातील एका थोर पुरुषाचे स्मरण होते. ते पुरुष म्हणजे भारतीय जहाजवाहतूक, विमान आणि मोटार उद्योगांचे अग्रणी शेठ वालचंद हिराचंद दोशी.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे दिगंबर जैन कुटुंबात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे; व्यापाराच्या निमित्ताने महाराष्ट्रात येऊन ते येथेच स्थिरावले. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे समाजसुधारक वृत्तीचे गृहस्थ होते. १८८५ मध्ये त्यांनी ‘जैन बोधक’ हे मासिक सुरू केले. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. वालचंद यांनी मुंबई व पुणे येथे महाविद्यालयीन शिक्षण घेतले, पण पदवी पूर्ण होण्यापूर्वीच ते व्यवसायात आले. वडिलार्जित पेढीवर मात्र त्यांचे मन रमले नाही.

याच काळात त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. रेल्वेच्या कामांची निविदा कशी भरावी, मजूर कसे जमवावे, माप कसे धरावे, याची त्यांना माहिती होती. उणीव होती ती भांडवलाची. वालचंद यांच्यापाशी घराण्याची पत होती, परंतु त्या कामाचे ज्ञान नव्हते. नात्याचा, जातीचा वा पेढीच्या जुन्या ओळखीचा कोणताही धागा नसलेल्या या गृहस्थाला त्यांनी पगारी नोकर न करता बरोबरीचा भागीदार केले. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून या भागीदारीचा आरंभ झाला आणि ‘फाटक-वालचंद’ हे नाव ठेकेदारीच्या क्षेत्रात मान्यता पावले. ज्या काळात व्यापारी घरांत विश्वासाची जागा भाऊबंदांसाठीच राखलेली असे, त्या काळात एका तरुणाने कामाची जाण हीच पात्रता मानली. त्यांच्या पुढील कर्तृत्वाचे बीज या पहिल्या निवडीत आहे.

पहिले महायुद्ध संपल्यावर नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्यासमवेत त्यांनी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

जहाजाचे मालक भारतीय झाले, तरी जहाज चालविणार कोण, हा प्रश्न उरलाच. कोकणातील खलाशी पिढ्यान्पिढ्या परक्यांच्या बोटींवर राबत होते. पण कप्तान आणि इंजिनिअर यांच्या जागा इंग्रजांकडेच होत्या. भारतीय तरुणाजवळ प्रमाणपत्र नाही म्हणून त्याला जागा नाही, आणि शिकण्याची सोय नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, असे हे दुष्टचक्र होते. सिंदियालाही प्रारंभी परकीय अधिकाऱ्यांवरच अवलंबून राहावे लागले. भारतीयांना हे शिक्षण मिळावे असा आग्रह देशी नेत्यांनी आणि व्यावसायिकांनी सातत्याने धरला. अखेर १९२७ मध्ये मुंबई बंदरात ‘डफरिन’ ही प्रशिक्षण नौका सुरू झाली. तेथून बाहेर पडणाऱ्या तरुणांना परकीय कंपन्यांचे दरवाजे सहजासहजी उघडत नव्हते. सिंदियाने त्यांना आपल्या जहाजांवर सामावून घेतले. अननुभवी माणसाला अनुभव मिळवून देण्याचा खर्च कोणीतरी सोसावाच लागतो. तो या स्वदेशी कंपनीने सोसला, आणि तोही बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांशी दरयुद्ध चालू असताना.

१९२९ पासून १९५० पर्यंत वालचंद सिंदियाचे अध्यक्ष होते. त्याच वेळी बांधकाम, साखर आणि शेती हे त्यांचे उद्योगही विस्तारत होते. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी १९२६ ची. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव व पुणे जिल्ह्यातील कळंब येथील माळरानांवर साखर कारखाने उभे राहिले. कळंबचे पुढे वालचंदनगर झाले, कामगारांसाठी घरे आणि मुलांसाठी शाळा असलेले गावच तेथे वसले. एवढा पसारा एका माणसाने पाहणे शक्य नव्हते. वालचंद यांनी योग्य माणूस निवडून त्याच्या हाती कारभार सोपविला. एम. ए. मास्टर यांनी सिंदियाचे सरव्यवस्थापक म्हणून जहाजवाहतुकीचा प्रश्न देशापुढे अभ्यासपूर्वक मांडला. लल्लुभाईंचे पुत्र गगनविहारी मेहता यांनी कंपनीच्या कलकत्ता कार्यालयाची धुरा दीर्घकाळ वाहिली. हेच मेहता १९५२ ते १९५८ या काळात अमेरिकेत भारताचे राजदूत होते. सहकाऱ्याला वाढू दिले, म्हणजे त्याची उंची संस्थेपुरती राहत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठे धाडस घडले. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. विमान बांधणारा कारागीर देशात कोठून मिळणार? वालचंद यांनी अमेरिकेतून तंत्रज्ञ आणविले आणि त्यांच्या हाताखाली येथील तरुणांना कामाला लावले. १९४१ मध्येच तेथे जोडलेले विमान आकाशात झेपावले. त्याच वर्षी २१ जून रोजी विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. पुढल्या वर्षी जपानी बाँबहल्ल्यामुळे कामात खंड पडला. तथापि १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते जलावतरित झाले. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ मध्ये मोटारी बाहेर पडू लागल्या.

या यशोगाथेला दुसरी बाजू आहे, ती झाकण्याचे कारण नाही. एक उद्योग स्थिरावण्यापूर्वीच वालचंद दुसऱ्याला हात घालीत. भांडवलाची ओढाताण त्यांच्या पाचवीलाच पूजली होती. शिवाय ज्या कारखान्यांसाठी जिवाचे रान केले, ते त्यांच्या हाती राहिले नाहीत. विमान कारखान्यातील त्यांचा हिस्सा १९४२ मध्येच सरकारने विकत घेतला. जहाजबांधणीचा कारखानाही १९५२ मध्ये प्रामुख्याने सरकारकडे गेला. प्रकृती ढासळल्यामुळे १९५० मध्ये त्यांनी कारभारातून निवृत्ती घेतली आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

आज सिंदियाची जहाजे सागरावर दिसत नाहीत. मुंबईच्या प्रीमिअर टॅक्सीही २०२३ मध्ये रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. मग त्यांच्या परिश्रमांचे उरले काय? बंगळूरला आजही विमाने तयार होतात आणि विशाखापट्टणमला जहाजे बांधली जातात. मालकी बदलली, परंतु पहिल्या पिढीने शिकलेली विद्या पुढच्या पिढीच्या हाती पोहोचली. सांगलीचे १९४७ मध्ये सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय १९५५ पासून वालचंद यांचे नाव धारण करून आहे. माणसे घडविणाऱ्याचे याहून समर्पक स्मारक ते कोणते?

आपल्या समाजात दुकाने, पेढ्या आणि कारखाने पुष्कळ आहेत. नोकराला सर्व काही शिकविले तर तो उद्या सोडून जाईल, समोरच स्वतःचे दुकान थाटील, अशी धास्ती आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते. परिणामी किल्ल्या घरातच राहतात, हुशार मुलगा कंटाळून निघून जातो आणि मालक साठीतही गल्ल्यावरून उठू शकत नाही. माणसे जातात हे खरेच आहे. वालचंद यांच्या हातून तर अख्खे कारखाने गेले. तरीही त्यांनी शिकविण्यात हात आखडता घेतला नाही, म्हणूनच देशाला वैमानिक उद्योग आणि दर्यावर्दी अधिकारी लाभले. शिकविलेला माणूस गेला तरी त्याची विद्या समाजातच राहते. न शिकविलेला माणूस राहिला, तरी त्याचा उपयोग ना पेढीला, ना समाजाला.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी प्रत्येक व्यावसायिक बंधुभगिनीने आपल्या आस्थापनेत निदान एका होतकरू तरुणाला, तो नात्यातला असो वा नसो, मन लावून काम शिकवावे आणि योग्य वेळी जबाबदारी सोपवावी. सोलापूरच्या या सुपुत्राला तीच खरी आदरांजली ठरेल.