तीन पेन्सचा पेला

समुद्राशी माझा संबंध फेरीबोटीपुरता. मांडवी ओलांडायची, तेवढ्यातही मी काठ धरून उभी असते. त्यामुळे एका खलाशाच्या आयुष्याने मला गेल्या सत्रात एवढं धरून ठेवावं, याचं मलाच नवल वाटतं.

झालं असं, की वर्गात महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ चालली होती. १८७३ सालचं हे पुस्तक त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलंय. मनात आलं, मुक्त करणाऱ्यांचं कौतुक झालं, पण गुलामांनी स्वतः काही लिहिलं असेल की नाही? लायब्ररीत शोधता शोधता ओलाउडा इक्वियानो हाती लागला. हा अमेरिकेच्या त्या लढ्याच्याही खूप आधीचा. त्याचं आत्मचरित्र १७८९ साली लंडनमध्ये निघालं, आणि त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्याकिनाऱ्याने, शिडाच्या गलबतातून जातो.

त्याने लिहिल्याप्रमाणे त्याचा जन्म १७४५च्या सुमारास, आज नायजेरियात मोडणाऱ्या इग्बो मुलखात झाला. अकराएक वर्षांचा असताना त्याला आणि बहिणीला घरातून पळवलं. (बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत जन्मस्थान कॅरोलायना आहे, म्हणून अभ्यासक अजून भांडतात. गुलाम पोराची नोंद करताना त्याला कोणी नीट विचारलं असेल का, हा माझा साधा प्रश्न.) पुढे पास्कल नावाच्या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने त्याला विकत घेतलं आणि गुस्ताव्हस व्हासा हे एका स्वीडिश राजाचं नाव चिकटवलं. काही वर्षं लढाऊ जहाजांवर गेली. १७५९च्या फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टरला बाप्तिस्मा झाला. आता आपल्याला कोणी विकू शकत नाही, असं त्याला खरंच वाटत होतं. १७६२ संपता संपता पास्कलने त्याला थेम्स नदीवरच विकून टाकलं.

इथे मी पुस्तक मिटलं होतं. जुन्या गोव्याच्या बाजारातही आफ्रिकेतून आणलेली माणसं विकली जायची, आणि विकत घेणाऱ्या घरांत रोज रोझरी म्हटली जायची. पास्कलवर रागावणं सोपं आहे, एवढंच म्हणते.

१७६३ साली तो मॉन्टसेरातला पोचला. हे बेट जेमतेम सोळा किलोमीटर लांबीचं. वारा बहुतेक वर्षभर पूर्वेकडून येतो, म्हणून त्याचं बंदर, प्लिमथ, डोंगराच्या आडोशाला पश्चिम किनाऱ्यावर होतं. (१९९५पासून ज्वालामुखी जागा झाला आणि ते अख्खं गाव राखेखाली गेलं.) रॉबर्ट किंग या व्यापाऱ्याने त्याला घेतलं. किंगच्या लहानमोठ्या बोटी बेटाभोवती फिरून मळ्यामळ्यांतून साखर आणि रम गोळा करायच्या. साखरेच्या हंगामात इक्वियानो दिवसाचे कधीकधी सोळा तास वल्ही मारायचा.

मग थॉमस फार्मर या कप्तानाला माणसं कमी पडली आणि त्याने किंगच्या मागे लागून इक्वियानोला आपल्या गलबतावर घेतलं. आता बेटाबेटांत ये-जा सुरू झाली. त्याच्याकडे स्वतःचे होते फक्त तीन पेन्स. सेंट युस्टेशियस या डच बेटावर त्याने तेवढ्याला काचेचा एक पेला घेतला. मॉन्टसेरातला तो एका बिटला, म्हणजे सहा पेन्सला गेला. पुढच्या खेपेला दोन पेले. मग चार. मालकाचा माल वाहता वाहता कोपऱ्यात आपला पेला जपायचा. डोलत्या गलबतात काच जपणं म्हणजे काय, ते फेरीत आईस्क्रीम खाणाऱ्यालाही कळेल.

सांताक्रूझ बेटावरचा प्रसंग मात्र मी दोनदा वाचला. त्याच्याकडे लिंबं-संत्र्यांच्या दोन पिशव्या होत्या, बारा बिटांच्या. सोबतच्या दुसऱ्या गुलामाची एकच पिशवी, सहा बिटांची. ते त्याचं सगळं भांडवल. उतरताच दोन गोऱ्यांनी तिन्ही पिशव्या हिसकावल्या. दाद कोणाकडे मागणार? दोघं पुन्हा पुन्हा विनवत राहिले, तेव्हा इक्वियानोच्या दोन पिशव्या परत मिळाल्या, त्या सोबत्याची मिळालीच नाही. तो हात चोळत रडायला लागला. इक्वियानोने आपल्या फळांतला जवळजवळ तिसरा हिस्सा त्याला देऊन टाकला. उरलेली बाजारात नेली, तर त्यांचे सदतीस बिट आले.

तो पळाला का नाही, असं मैत्रिणीने विचारलं. संधी होत्या. मालकाने छळलंच तर गलबतासकट निसटता यावं, म्हणून त्याने गलबताच्या दुय्यम अधिकाऱ्याला पैसे देऊन नौकानयन शिकायलाही सुरुवात केली होती. पण किंगने विकत घेतलेल्या किमतीत, चाळीस पौंडांत, सोडायचा शब्द दिला होता. स्वतःचंच शरीर पैसे मोजून विकत घ्यायचं, हे मला अजून पचत नाही. त्याने मात्र पैसे साठवले. एवढ्या लवकर जमतील असं वाटलं असतं तर शब्द दिलाच नसता, असं किंग कुरकुरला. फार्मरने समजावल्यावर तयार झाला. ११ जुलै १७६६ला मुक्ततेचा कागद झाला. इक्वियानो तेव्हा एकवीस वर्षांचा असेल, माझ्याएवढा.

तरीही तो फार्मरच्याच गलबतावर राहिला. पुढे समुद्रातच कप्तान वारला, आणि नौकानयन पुरतं येत नसताना त्याने अंदाजाने अँटिग्वा गाठून गलबत मॉन्टसेरातला आणलं. लोक त्याला कप्तान म्हणू लागले. वाचताना मला टाळी वाजवावीशी वाटली, पण वाजवली नाही. कारण या गलबतांत साखरेबरोबर माणसंही भरलेली असत. १७६७ साली बहामाजवळ त्याचं जहाज खडकावर फुटलं, तेव्हा खाली वीसहून जास्त गुलाम होते. नव्या कप्तानाने त्यांच्यावरची झाकणं खिळ्यांनी ठोकायला सांगितलं. इक्वियानो आडवा उभा राहिला, झाकणं ठोकली गेली नाहीत. पण त्याच इक्वियानोने दहाएक वर्षांनी मध्य अमेरिकेतल्या एका मळ्यासाठी स्वतः जाऊन गुलाम निवडले, तेही आपल्याच मुलखातले. हे त्याने लपवलेलं नाही. मला ते माफ करता येत नाही, आणि पुस्तक खाली ठेवताही येत नाही.

मधल्या काळात तो आर्क्टिकला जाऊन आला होता, नंतर गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढला, गावोगावी फिरून पुस्तक विकलं. १७९२ साली सुझाना कलनशी लग्न केलं. ३१ मार्च १७९७ला तो गेला. ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला तो १८०७ साली. त्याची धाकटी मुलगी जोआना १८१६ साली एकवीस वर्षांची झाली, तेव्हा वडिलांच्या मालमत्तेतून तिला ९५० पौंड मिळाले.