धुराड्यांचा चित्रकार

चित्र म्हटलं की आपल्याला डोंगर, नदी, झोपडी आठवते. कारखान्याची धुराडी कुणी दिवाणखान्यात लावतं का? एल. एस. लाऊरी या इंग्लिश चित्रकाराने मात्र आयुष्यभर तीच रंगवली.

जन्म १८८७ चा, मँचेस्टरजवळचा. वडील कारकून, आई एलिझाबेथ पियानो छान वाजवायची. पैशांची ओढाताण झाली आणि १९०९ मध्ये चांगली वस्ती सोडून पेंडलबरीला, गिरण्यांच्या गावात बिऱ्हाड हलवावं लागलं. आईला ते गाव कधीच रुचलं नाही. लेकालाही आधी नकोसंच वाटायचं. मग एकदा त्याची रेल्वे चुकली, स्टेशनवरून गिरणी सुटताना दिसली, आणि तो बघतच राहिला.

पांढऱ्या आभाळाखाली लगबगीनं निघालेली काडीसारखी माणसं, हे त्याचं चित्र. रंग पाचच : पांढरा, काळा, शेंदरी, निळा, पिवळी माती. आमच्या चितेगावात पैठण रोडला शिफ्ट सुटते ना, तेव्हा डबे सांभाळत निघालेली माणसं अगदी तश्शीच दिसतात, माना खाली, पाय झपझप. (आपल्याकडे ठाण्याच्या डॉ. सुधीर पटवर्धनांनीही लोअर परळ रंगवलंय. जमलं तर जरूर बघा.)

लाऊरी नोकरी करायचे घरभाडं वसुलीची. दारोदार पायी. १९३२ मध्ये वडील गेले, मागे कर्ज ठेवून. आईनं अंथरूण धरलं. पुढची सात वर्षं दिवसा वसुली, संध्याकाळी आईची सेवा आणि ती झोपली की रात्री चित्रं. त्या माउलीनं त्यांचं कौतुक म्हणून कधी केलं नाही. मला तिचा राग येतो. पण मोठ्या मैफिली गाजवायचं स्वप्न तिनंही कधीकाळी पाहिलं होतं, ते तसंच राहिलं, हेही विसरवत नाही.

१९३९ मध्ये लंडनला त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. त्याच वर्षी आई गेली.

नंतर नाव झालं, तरी नोकरी १९५२ पर्यंत, निवृत्तीपर्यंत केली, आणि ती लोकांपासून लपवली. हौशी चित्रकार म्हणतील ही भीती! लग्न केलं नाही. १९६८ मध्ये ‘सर’ ही पदवी देऊ केली, तीही नाकारली. दाखवायला आईच नाही, तर पदवी घेऊन करायचं काय, असं त्यांना वाटे. १९७६ मध्ये ते गेले. फुटबॉलच्या सामन्याला निघालेल्या गर्दीचं त्यांचं चित्र २०२२ मध्ये ७८ लाख पौंडांना विकलं गेलं.