भारतात कधीच न आलेल्या नाइटिंगेल बाई आपल्या दुष्काळासाठी ब्रिटिश सरकारशी का भांडत होत्या?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की हातात दिवा घेतलेली परिचारिका डोळ्यांसमोर येते. पण क्रिमियाचं युद्ध त्यांच्या आयुष्यातली जेमतेम दोन वर्षं होती. त्यानंतरची जवळपास चाळीस वर्षं त्यांनी भारतासाठी घालवली, तीही लंडनमधल्या खोलीत, बराच काळ आजारपणात.

त्यांचा जन्म १८२० चा. गणिताची आवड लहानपणापासूनच. १८५९ साली भारतातल्या ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यासाठी रॉयल कमिशन नेमलं गेलं. बाईंनी छावण्याछावण्यांत प्रश्नावल्या पाठवल्या आणि १८६३ च्या अहवालात हिशोब मांडला. दर हजार सैनिकांमागे वर्षाला ६९ मृत्यू. तेही लढाईत नाही, तर बहुतेक घाण पाणी, तुंबलेली गटारं आणि दाटीवाटीच्या बराकींमुळे.

मग अडचण काय होती?

उपाय साधे होते, पण ते एका खात्याच्या हातात नव्हते. आजार डॉक्टरांकडे, गटारं इंजिनिअरांकडे, बराकी लष्कराकडे आणि पैसा अर्थखात्याकडे. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा.

बाईंकडे ना पद, ना मतदानाचा हक्क. म्हणून त्यांनी माणसं जोडली. व्हाइसरॉय जॉन लॉरेन्स, मुंबईचे गव्हर्नर राहिलेले बार्टल फ्रिअर, सिंचनतज्ज्ञ आर्थर कॉटन अशा लोकांना त्या पत्रं लिहीत आणि आकडे पुरवत. १८६४ मध्ये बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांत आरोग्य आयोग नेमले गेले. पुढच्या दहा वर्षांत सैनिकांचा मृत्युदर हजारी १८ वर आल्याचं बाईंनी स्वतःच मांडलं.

पण गावांचं काय?

छावणी सुधारली, तरी शेजारच्या गावात पटकी होतीच. त्यात १८७६ ला पाऊस दगा देऊन गेला. दख्खन आणि मद्रासमध्ये लाखो माणसं भुकेनं आणि त्यामागून आलेल्या साथींनी मेली. बाईंचं म्हणणं होतं की दुष्काळ फक्त आभाळातून पडत नाही. रयत कर्जात बुडालेली, शेतसारा जड आणि कालव्यांवर खर्च नाही. सरकार मात्र कालव्यातून नफा किती, हे विचारत होतं. दुष्काळात गेलेले जीव आणि बुडालेला महसूल त्या हिशोबात का धरत नाही, असा त्यांचा सवाल होता.

त्याच वेळी, कालव्यासोबत पाण्याचा निचरा केला नाही तर तापाच्या साथी येतील, हेही त्या बजावत होत्या. म्हणजे सिंचन आणि आरोग्य ही एकाच कामाची दोन टोकं.

१८७८ मध्ये त्यांनी रयतेच्या हालांवर जाहीर लेख लिहिला आणि इंडिया ऑफिसमधले अनेक जण नाराज झाले. पुढे त्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार केला. गावाकडून जमा होणारा कर आधी गावाच्याच स्वच्छतेवर खर्च व्हावा, ही मागणी लावून धरली. ती पूर्णपणे मान्य झाली नाही.

त्यांचंही चुकलं. रोग जंतूंमुळे होतात, हे मानायला त्यांनी बराच वेळ घेतला. १९१० साली त्यांचं निधन झालं.

आज उष्माघात, डेंग्यू किंवा पुरानंतरच्या साथी आल्या की हवामान खातं, पालिका, पाणीपुरवठा आणि आरोग्य विभाग एका टेबलावर बसवावे लागतात. टेबलावर सगळे येतातही. पण खर्च कुणाच्या खात्यातून करायचा, हा बाईंच्या काळातला प्रश्न अजून तिथेच आहे.