मुंबई समाचार काढणारे फरदुनजी मर्झबान

मुंबई समाचार हा गुजराती पेपर आपल्या डहाणूच्या पट्ट्यात कुणाला नवीन नाही. पण तो काढला कुणी, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतील. आणि तो माणूस आपल्यापासून फार लांब नाही. धाकटी डहाणूहून किनाऱ्याने वर निघालं की बोर्डी, उंबरगाव आणि मग दमण. याच दमणमध्ये त्याचे शेवटचे दिवस गेले. दमण म्हटलं की लोकांना भलतंच काही आठवतं, म्हणून आज हे सांगतो.

फरदुनजी मर्झबान यांचा जन्म 1787 साली सुरतेत झाला. घर मोबेदांचं, म्हणजे पारशी धर्मगुरूंचं. तरुणपणी ते मुंबईत आले आणि मुल्ला फिरोज यांच्या सहवासात राहिले. मुल्ला या नावावरून गैरसमज नको. ते पारशी दस्तूर होते, पण बालपणीच वडिलांबरोबर इराणला गेले आणि तिथे फारसी-अरबी शिकून परतले. त्या काळात इल्म म्हणजे फारसी, मग घर कुठल्याही मजहबचं असो.

फरदुनजींनी आधी पुस्तकं बांधायचं काम केलं. मग 1812 मध्ये स्वतःचा गुजराती छापखाना टाकला. छापलं काय, तर 1814 मध्ये संवत 1871 चं पंचांग! पारशी माणूस, आणि गिऱ्हाईक हिंदू व्यापारी. धंद्याची नजर त्यांना होती.

1 जुलै 1822 रोजी मुंबई समाचार सुरू झाला, तेव्हा तो साप्ताहिक होता. त्याच वर्षी मार्चमध्ये कलकत्त्यात उर्दूतला पहिला अखबार, जाम-ए-जहाँ-नुमा, निघाला होता. आपला मराठी दर्पण यायला अजून दहा वर्षं होती.

पुढे जे झालं त्याचं मूळ कॅलेंडरमध्ये आहे. पारशी वर्ष 365 दिवसांचं, म्हणून ते ऋतूंच्या मागे सरकत जातं. ते जुळवायला जुन्या काळी 120 वर्षांनी एक महिना वाढवत की नाही, हा कबिसाचा वाद. शहेनशाही आणि कदमी या दोन गटांत एका महिन्याचं अंतर. ईदच्या चांदवरून शेजारशेजारच्या गावांत वेगवेगळ्या दिवशी ईद झालेली आपणही पाहिली आहे. पण तिथे एक दिवस, इथे अख्खा महिना. घराघरांत फूट पडली. मुल्ला फिरोज कदमी बाजूचे, आणि फरदुनजींनी आपला पेपर त्याच बाजूला उभा केला. समोरून 1832 मध्ये जाम-ए-जमशेद निघाला, शहेनशाहींची बाजू मांडायला.

आम्हाला वाटतं, संपादकाने इथे जरा दमाने घ्यायला हवं होतं. समाजाच्या भांडणात पेपर उतरला की वाचक आधी बाजू बघतो, बातमी नंतर. पण गप्प राहूनही भांडण मिटलं नसतं, हेही खरं.

1832 मध्येच मुंबई समाचार दैनिक झाला, आणि त्याच साली फरदुनजींना मुंबई सोडावी लागली. दमण तेव्हा पोर्तुगीजांकडे, इंग्रजांच्या हद्दीबाहेर. पंधराएक वर्षं ते तिथे राहिले आणि 1847 मध्ये वारले. पेपर त्यांच्या हातात परत आला नाही. तो काही वर्षं आठवड्यातून दोनदा निघाला, 1855 पासून पुन्हा दैनिक झाला, मालक बदलत गेले, आणि 1933 पासून तो कामा कुटुंबाकडे आहे. दोनशे वर्षं 2022 मध्ये पूर्ण झाली. आशियातला अजून चालू असलेला सर्वांत जुना पेपर तो हाच.

मर्झबान घराणंही पेपरच्या धंद्यात राहिलं, पण समोरच्या दारात. ज्या जाम-ए-जमशेदने फरदुनजींशी भांडण मांडलं होतं, तोच पुढे त्यांच्या वंशजांकडे आला. नाटककार आदी मर्झबान 1987 मध्ये वारले. जाम-ए-जमशेदचं संपादन त्यांनीही केलं होतं.