जनरल जयंतनाथ चौधरी

हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा ज्यांच्या हाती राज्याची सूत्रे आली, ते जनरल जयंतनाथ चौधरी हे बंगाली गृहस्थ. राष्ट्रीय सभेचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी हे त्यांचे मातामह. जन्म १९०८ चा. सँडहर्स्ट येथील शिक्षणानंतर १९२८ मध्ये त्यांनी लष्करी सेवेत प्रवेश केला. दुसऱ्या महायुद्धात ते आफ्रिका व ब्रह्मदेश येथील आघाड्यांवर लढले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी त्यांच्या अधिपत्याखालील चिलखती सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे संस्थानात शिरले. १८ तारखेला निजामाचे सेनापती एल् एद्रूस यांनी त्यांच्यापुढे शरणागती पत्करली आणि चौधरी हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले. किनवट व राजुरा हे तालुके तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होते.

लढाई पाच दिवसांत संपली. कारभार मात्र कठीण होता. १९४९ च्या फेब्रुवारीत निजामाची 'सर्फ-ए-खास' ही खासगी मालमत्ता राज्यात विलीन झाली. ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द झाल्या. त्याच वर्षी आदिवासी क्षेत्रांसाठी विनियम करण्यात आला. ज्या जमिनीच्या हक्कासाठी कुमराम भीम यांनी १९४० मध्ये जोडेघाटच्या परिसरात प्राण वेचले, त्या हक्काचा प्रश्न अशा रीतीने कायद्याच्या कक्षेत आला. या पर्वाला काळी बाजूही होती. पोलीस कारवाईच्या सुमारास मराठवाड्यासह अनेक भागांत निरपराध मुसलमानांच्या हत्या झाल्या. त्यांविषयीचा पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. तेलंगणातील सशस्त्र शेतकरी लढाही लष्करी बळाने मोडण्याचा प्रयत्न झाला. चौधरींच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना या गोष्टी दृष्टीआड करता येत नाहीत.

१९४९ च्या अखेरीस लष्करी राजवट संपली. वेलोडी यांच्याकडे कारभार सोपवून चौधरी सैन्यात परतले. १९६१ मध्ये दक्षिण विभागाचे प्रमुख या नात्याने त्यांनी गोवामुक्तीच्या मोहिमेची धुरा वाहिली. १९६२ मध्ये चीनकडून झालेल्या पराभवानंतर खचलेल्या भूदलाचे ते सरसेनापती झाले व १९६५ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात त्यांनी त्याचे नेतृत्व केले. १९६६ मध्ये निवृत्त झाल्यावर कॅनडात भारताचे उच्चायुक्त म्हणून त्यांनी १९६९ पर्यंत काम पाहिले. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले.

शेजारच्या अनेक देशांत सेनानींनी हाती आलेली सत्ता सोडली नाही. एका विस्तीर्ण राज्याची निरंकुश सत्ता हाती असलेला हा सेनानी मात्र मुदत संपताच मुलकी शासनाला वाट करून देऊन आपल्या पलटणीकडे परतला. त्यांच्या चरित्रातील ही घटना युद्धांतील विजयांइतकीच मोलाची आहे.